हात खिशात

सरांच्या घरी प्रेशर कुकर नव्हता. ऐपत नव्हती असे नव्हे. तो त्यांच्या तत्त्वात बसत नव्हता. "शिट्टी म्हणजे त्या भांड्याचा आकांत असतो," ते म्हणत. "आत जीव कोंडलाय, मला सोडवा, असं ते ओरडून सांगतं. आणि तुम्ही ओट्यापाशी उभं राहून मोजता? एक झाली, दोन झाल्या, अजून एक होऊ द्या? धोक्याच्या घंटेवर स्वयंपाक करणारी माणसं आपण!" त्यामुळे त्यांच्याकडे भात उघड्या पातेल्यात शिजे, आणि सुटीच्या दिवशी सर त्याच्यासमोर पाट मांडून बसत, तान्ह्या बाळाचा श्वास ऐकत बसावे तसे. डाळ मात्र काकू शेजारणीकडे नेऊन, शेजारणीच्या कुकरमध्ये खुशाल शिट्ट्या करून आणत. जेवताना सर डोळे मिटून म्हणत, "बघा, घाई केली नाही की डाळीला कशी चव येते." काकू तेवढ्यात मला कोशिंबीर वाढत.

सर आमच्या कारखान्यात प्रक्रिया-नियंत्रणाची रचना करत. सोलापूरच्या कडेला, औद्योगिक वसाहतीच्या टोकाशी, जिथे डांबरी रस्ता संपून ज्वारीची पिवळट शेते सुरू होत, तिथे आमचा कारखाना होता. शहरातल्या कढया थकल्या की त्यांचे तेल आमच्याकडे येई. भज्यांच्या गाड्यांवरचे, फरसाणवाल्यांचे, मंगल कार्यालयांच्या भटारखान्यातले, पुन्हा पुन्हा तापून काळवंडलेले तेल. त्यात करंजाचे तेल मिसळायचे, मिश्रणात मद्यार्क घालून त्यावर रासायनिक संस्कार करायचे आणि शेवटी त्यातले पाणी नि मद्यार्क मंद उष्णतेवर उडवून लावायचे. मग जे उरे ते बायोडिझेल. ट्रॅक्टरमध्ये घालायचे इंधन. मिरचीभज्यांचा हा पुनर्जन्म मला फार काव्यमय वाटे. उन्हाळ्यात त्या आवारात शिरले की नाकाला आधी ओवा भेटे, मग हिंग, मग जळक्या बेसनाचा कडवट दर्प, आणि सर्वांच्या तळाशी करंजाचा जडसर, ओल्या मातीसारखा वास. संध्याकाळी घरी गेल्यावर आई म्हणे, "आज कुठल्या गाड्यावर उभी होतीस गं?"

तेल आणत रशीदचाचा. त्यांचा टेंपो आला की सर हातातले काम टाकून बाहेर पडत आणि प्रत्येक पिंपावर ओणवे होत.

"चाचा, हे लग्नघरचं आहे."

"हौ सरजी. कैसा वळखले?"

"पुऱ्या कमी आणि गुलाबजाम जास्त तळलेत. तेलात साखर जळलीय."

"लडकी किस की थी, वो भी बोल दो साब! मैं तो बिना न्योते का गया था."

प्रयोगशाळेत तपासणीची सगळी उपकरणे होती आणि सर त्यांचे आकडे काटेकोरपणे पाहत. परंतु तेलाशी ओळख ही समोरासमोरच व्हावी, असा त्यांचा आग्रह होता. "रोज वेगळं येणार," ते पिंपाच्या कडेवर हात ठेवून म्हणत, "आणि रोज सारखं निघालं पाहिजे. आपलं शास्त्र एवढंच आहे. बाकी सगळी वायरिंग."

मी त्या कारखान्यात कशी पोचले, हे सांगितल्याशिवाय सर पुरते उमगणार नाहीत. मराठी कवितेचा अभ्यास करून एम.ए. झालेली मी, कार्यालयीन पत्रव्यवहाराच्या जागेसाठी मुलाखतीला गेले होते. मालक मला टायपिंगचा वेग विचारत असताना कोपऱ्यात बसलेल्या एका उंच, किडकिडीत, विरळ केसांच्या गृहस्थांनी मान वर केली.

"कवितेच्या ओळीत मध्येच थांबायची जागा असते ना? तिला काही नाव आहे?"

"यती," मी म्हणाले.

"ती चुकली तर?"

"यतिभंग होतो. शब्द तेच राहतात, पण ओळ लंगडते."

ते मालकांकडे वळले. "हिला मला द्या. आपल्या सगळ्या माणसांना यतिभंगाचाच आजार आहे."

अशी मी प्रक्रिया-नियंत्रण विभागात रुजू झाले. यंत्रे चालवणाऱ्यांसाठी मराठीत मार्गदर्शिका लिहायची आणि कंट्रोल रूमच्या पडद्यावर उमटणाऱ्या सूचना शब्दांत बसवायच्या, हे माझे काम. इंग्रजी सूचना लाल होऊन कितीही लुकलुकल्या तरी आमची माणसे त्यांच्याकडे दिवाळीच्या माळेकडे पाहावे तशी पाहत, अशी सरांची तक्रार होती. मी मन लावून पहिली सूचना लिहिली: "द्रवाची पातळी उंबरठा ओलांडू पाहत आहे."

सरांनी ती तीनदा वाचली. "ओलांडू पाहत आहे म्हणजे? ओलांडली की नाही?"

"अजून नाही, सर. पण तिची तशी इच्छा आहे."

"पातळीला इच्छा नसते."

"तुम्ही काल व्हॉल्व्हला हट्टी म्हणालात."

सर विचारात पडले. "व्हॉल्व्हची गोष्ट वेगळी," असे पुटपुटून ते निघून गेले. पण दुसऱ्या दिवशी पडद्यावर माझेच वाक्य होते, आणि गंमत अशी की ते वाचून माणसे खरोखर सावध होऊ लागली. आमचा मुख्य ऑपरेटर इरण्णा अक्कलकोटकडचा, घरी कन्नड बोलणारा. तो म्हणाला, "हे वाक्य वाचलं की जावई दारात उभारल्यासारखं वाटतंय बगा, मॅडम. उटावंच लागतंय."

आता त्या खिशांविषयी.

यंत्रात एखादा बदल केला, उष्णता वाढवली किंवा तेलाचा प्रवाह कमी केला, तर त्याचा परिणाम लगेच दिसत नाही. तो नळ्यांतून, टाक्यांतून, धातूच्या जाड भिंतींतून हळूहळू पोचतो. दरम्यान माणसाला धीर धरवत नाही. आपण केलेले फुकट गेले असे वाटून तो आणखी थोडे वाढवतो, मग आणखी. आणि पहिला बदल पोचतो न पोचतो तोच मागचे सगळे एकदम येऊन कोसळतात. सर हे समजावताना लॉजच्या न्हाणीघरातल्या नळाचे उदाहरण देत: पाणी गार म्हणून गरम नळ सोडावा, तरी गारच म्हणून आणखी सोडावा, आणि शेवटी पाठ भाजून नागडे बाहेर पळावे. "चूक नळाची?" ते विचारत. सगळे हसू दाबत, कारण सर्वांच्या डोळ्यांसमोर सर पळताना दिसत.

यावर त्यांनी एक रीत घालून दिली होती. बदल केला की तो करणाऱ्याने मोठ्याने म्हणायचे, "हात खिशात," आणि परिणाम पुरता दिसेपर्यंत दोन्ही हात खरोखर खिशात घालून उभे राहायचे. नुसते घडी घालून चालत नसे. घडी केव्हाही सुटते. बाहेरून पाहणाऱ्याला आमची कंट्रोल रूम म्हणजे थंडीने काकडणाऱ्या लोकांचा घोळका वाटे, आणि तेही सोलापूरच्या एप्रिलमध्ये. माझ्या कुर्त्याला खिसे नाहीत हे पहिल्या दिवशी लक्षात येताच सर इतके अस्वस्थ झाले की त्यांनी मला कामाच्या वेळात शिंप्याकडे धाडले. "बायकांच्या कपड्यांना खिसे न शिवणं हा या शास्त्रावरचा जुना अन्याय आहे," ते गंभीरपणे म्हणाले. शिंप्याने विचारले, "मोबाईलसाठी का, ताई?" मी म्हणाले, "नाही, हातांसाठी." तो बराच वेळ माप घेत राहिला.

हे सारे कुठून आले, ते सर एकदाच बोलले. त्यांचे घर विणकरांचे, तेलुगू बोलणारे. वडिलांच्या मागावर ताण्याच्या दोऱ्यांचा ताण राखण्याचे काम लहानपणी त्यांच्याकडे होते. ताण वाढला की दोरा तुटे, सैल पडला की कापड पोचट होई, आणि घाबरून दोन्हीकडे हात घातला की वडिलांची टपली बसे. शांत मनःस्थितीत सर शुद्ध मराठी बोलत. यंत्र बिघडले की मात्र तेलुगूवर येत. एखादा व्हॉल्व्ह थरथरू लागला की ते त्याच्या चाकावर तळवा ठेवून आर्जवाने म्हणत, "आगु, आगु. नेम्मदिगा." थांब, थांब, सावकाश. इरण्णाची शपथेवर साक्ष होती की व्हॉल्व्हला तेलुगू समजते, कन्नड नाही. त्याने प्रयत्न करून पाहिला होता.

मिश्रणाविषयीची त्यांची मते तर कारखान्याच्या भिंती ओलांडून चहाच्या टपरीपर्यंत गेली होती. दोन द्रव एका भांड्यात ओतून मग ढवळत बसणे, हे त्यांच्या लेखी गावंढळपणाचे होते. "मिसळायचं ते वाटेत," त्यांचा सिद्धांत. "एक पुढे चालेल, दुसरा त्याच्या चालीनं मागे येईल. पुढचा हळू झाला की मागच्यानंही हळू व्हायचं." म्हणून टपरीवाल्याने एका हाताने दूध आणि दुसऱ्या हाताने चहाचे पाणी, समान गतीने, एकाच धारेत ग्लासात सोडावे, अशी त्यांची अपेक्षा असे. टपरीवाला एकदा वैतागून म्हणाला, "सर, मला दोनच हात हायती. गाळणं काय दातात धरू?" सरांनी त्याला एक रचना सुचवली. रचनेत खरोखर दात होते.

मालकांना मात्र या सगळ्याचा उबग येऊ लागला होता. मोहोळकडच्या शेतकरी घरातून वर आलेला, पांढऱ्या सदऱ्यातला हा गृहस्थ मनाने उमदा होता. पण चालू यंत्रासमोर हात खिशात घालून उभी असलेली पगारी माणसे पाहणे त्याच्या रक्ताला मानवत नसे. त्यात पुण्याच्या एका कंपनीचा प्रतिनिधी येऊन गेला. त्यांच्याकडे नियंत्रणाची तयार पेटी मिळे. कुलूपबंद. एकदा बसवली की तिच्या आत काय चालले आहे ते कुणी पाहायचे नाही, पाहताही येत नाही.

मालक कंट्रोल रूममध्ये आले आणि सरांच्या टेबलाच्या कोपऱ्यावर बसले. "हे बगा सर, मला तुमचं शास्त्र कळत न्हाय. दसरा झाला की दुसऱ्या दिवशी चाचणी घ्यायची. सकाळी चालू केल्यालं यंत्र दिवस मावळस्तवर बंद पडायचं न्हाय. न्हाय पडलं, तर तुमची रचना कायमची. पडलं, तर पुण्याची पेटी."

"आणि मी?"

"तुमी घरी भात बगा की."

आम्ही हसलो, आणि सरांचा चेहरा पाहून थांबलो. उभ्या आयुष्यात त्यांनी इतरांच्या कुलूपबंद पेट्यांची देखभाल केली होती. कुठे पंजाबात, कुठे गुजरातेत, दुसऱ्यांनी आखलेल्या यंत्रांचे कान पिळत. ही एकच रचना पहिल्या रेघेपासून त्यांची होती. तिच्यात तर त्यांनी असा एक गुण घातला होता जो, त्यांच्या म्हणण्याप्रमाणे, कुठल्याही तयार पेटीत नव्हता: शंका. दोन उपकरणे एकमेकांशी न जुळणारे काही सांगू लागली, तर इतर यंत्रे घाबरून बंद पडतात. सरांचे यंत्र बंद न पडता संथ होई. आच कमी करी, प्रवाह कमी करी आणि वाट पाही. त्या अवस्थेला नाव देण्याचा मान माझा. मी "सावध चाल" असे नाव दिले होते.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी. त्या दिवशी कारखाना बंद असे आणि यंत्रांची आंघोळ चाले. पंपांना, मोटारींना, पान्यांना नि हातोड्यांनाही हळदकुंकू लागे. नळ्यांवर झेंडूच्या माळा चढत आणि त्या दिवसापुरता ओव्याचा, बेसनाचा वास हटून सारे आवार झेंडूच्या तुरट, हिरव्या गंधाने भरून जाई. बाकी टाक्या इरण्णा आणि मंडळी धूत. पण मिश्रणाची दुसरी टाकी सर स्वतःच धूत, आणि त्या वेळी कुणाला जवळ येऊ देत नसत. ती त्यांची लाडकी होती. तिच्या बुडाचा उतार त्यांना हवा तसा साधला होता म्हणे. सकाळीच सर फडक्याने झाकलेली पितळी घागर घेऊन टाकीच्या शिडीवर चढले आणि दुपारी विजार गुडघ्यापर्यंत भिजलेली, चेहऱ्यावर बाळाला न्हाऊ घातलेल्या आईचे समाधान, असे उतरले. इरण्णाने मला कोपराने खुणावले. "तितं आत गाणं बी म्हणत हुते."

चाचणीच्या दिवशी नळ्यांवरचे झेंडू अजून पुरते सुकले नव्हते. मालक सकाळीच आले, कंट्रोल रूमच्या मधोमध खुर्ची टाकून बसले. त्यांच्या उजव्या हाताशी, भिंतीवर, सगळे एकदम बंद करणारे लाल बटण होते. पहिल्या टाकीचे मिश्रण पिढ्यान्पिढ्यांची सवय असल्यासारखे वाहत होते. इव्हॅपोरेटर, म्हणजे जिथे पाणी आणि मद्यार्क उडून जात ते उंच पात्र, मंद घुमत होते. त्याच्या, कंट्रोल रूमच्या भिंतीत उघडणाऱ्या, काचेच्या झरोक्यातून आतले इंधन मधाच्या रंगाचे, निवांत दिसे. मालकांनी चक्क चहा मागवला आणि सर्वांना पाजला.

दुपारी पहिली टाकी संपली आणि यंत्राने आपोआप दुसरीकडे मोहरा वळवला. थोड्याच वेळात इरण्णा झरोक्यापाशी ओरडला, "सर, फेस! फेस लई वर चढाय लागलाय हो!"

काचेमागे मधाचा रंग नाहीसा झाला होता. पांढरा, दाट, फुगत जाणारा फेस, दुधाला उतू जाताना येतो तसा. पातळी मोजणारे उपकरण फेसालाच तेल समजून पात्र काठोकाठ भरल्याचे सांगू लागले. वजनाचे उपकरण म्हणे, काही भरलेले नाही. पडद्यावर माझी अक्षरे उमटली: "शंका आहे. सावध चाल सुरू. कुणी काही करू नये." आच उतरली, प्रवाह बारीक झाला, घुमणारे यंत्र कुजबुजल्यासारखे झाले.

"बंद पडलं!" मालक उठले.

"पडलेलं नाही," सर म्हणाले. "विचार करतंय."

"यंत्रानं विचार करायचा आन् मी काय करू? ह्या तेलातच खोट हाय. त्या रशीदला बोलवा."

रशीदचाचा गेटवरच होते, पिंपे उतरवत. ते आले ते हात जोडतच. "मालक, अल्ला की कसम, कल का तेल मैं खुद छानके लाया. मेरे तेल में मिरची निकलेगी, खोट नै निकलेगी."

सर, चाचा आणि मी दुसऱ्या टाकीच्या शिडीवर चढलो. सरांनी झाकण उचलले. उबदार वाफेबरोबर बेसन आले, करंज आले, आणि त्यांच्या मागून, अगदी हलका, आंबूस गोडसर, तिसराच एक वास. माझे डोळे आपोआप मिटले. तांब्याचा बंब. रविवारची सकाळ. मानेवर आईचा हात, डोळ्यांत झोंबणारे काहीतरी आणि "मिटून घे गं, मिटून घे."

"सर," मी म्हणाले, "इथे रिठा आहे."

सरांनी झाकण इतक्या हळू खाली ठेवले की त्याचा आवाजही झाला नाही.

रिठ्याचे पाणी. त्यांची आई रेशमाच्या लडी रिठ्यात धूत असे; रेशमाला सोडा चालत नाही, साबण चालत नाही. लाडक्या टाकीलाही सरांना दुसरे काही लावावेसे वाटले नव्हते. उतार नीट साधलेल्या त्या बुडाशी घागरभर पाण्यातले थोडे उरले होते, आणि इंधनाला उकळताना फेस आणायला रिठ्याइतके गुणी दुसरे काही नाही.

शिडीवरून सर जे धावत सुटले ते थेट कंट्रोल रूममध्ये. आणि तिथे मी जे पाहिले ते त्या कारखान्यात कुणी पाहिले नव्हते. सरांचे दोन्ही हात बाहेर होते. एक हात दुसरी टाकी यंत्रापासून तोडणाऱ्या बटणाकडे, दुसरा आच वाढवण्याच्या खुंटीकडे, आणि तोंडात ना तेलुगू, ना मराठी. तिकडे मालकांचा हात लाल बटणाच्या रोखाने निघाला होता.

"सर!" इरण्णा म्हणाला. तो झरोक्यापाशी दोन्ही हात खिशात कोपरापर्यंत रोवून उभा होता. "हात."

सर थबकले.

"तुमीच शिकिवलंय की. यंत्र आदीच हळू झालंय. आता तुमी त्यात हात घाटला तर दोन्ही येऊन डोक्यावर पडतंय. हात, सर."

सरांनी इरण्णाकडे पाहिले, मग स्वतःच्या हातांकडे, जणू ते दुसऱ्या कुणाचे होते. मग सावकाश, आधी डावा आणि नंतर उजवा, त्यांनी ते खिशात घातले. मी मालकांच्या पुढे जाऊन उभी राहिले. "मालक, तुमच्या सदऱ्याला खिसे आहेत."

"मग?"

"मग घाला ना हात. नाहीतर हेच हात बटण दाबतील, आणि यंत्र बंद पडलं असं तुम्हीच ठरवल्यासारखं होईल."

मालक मला काहीतरी जबरदस्त बोलणार होते. पण खोलीतले सगळे हात खिशात होते, आणि त्या दृश्यात काय जादू होती कोण जाणे, त्यांचेही गेले.

त्यानंतरच्या काळाचे वर्णन मला कधी साधले नाही, आणि मी अनेकदा प्रयत्न केला आहे. काहीच घडत नव्हते, आणि ते सर्वांच्या देखत घडत होते. पंखा फिरत होता. रशीदचाचा दारात ओठांतल्या ओठांत काही पुटपुटत होते. फेस झरोक्याच्या वरच्या कडेला टेकला, तिथे थरथरला, आणि सरांच्या विजारीच्या खिशांतून मुठी आवळल्या जाताना दिसल्या. मग फेसात एक भोक पडले. काळसर, चिमुकले. मग दुसरे. बुडाशी उरलेले रिठ्याचे पाणी पुढे वाहून गेले असावे. पांढऱ्या राशीचे जाळे झाले, जाळ्याचे धागे झाले, आणि धाग्यांच्या मागून मधाचा रंग हळूच वर आला. दोन्ही उपकरणांचे पुन्हा एकमत झाले. पडद्यावर अक्षरे बदलली: "शंका फिटली."

"आता काढू का?" मालकांनी हळू आवाजात विचारले.

"आणखी थोडं," सर म्हणाले.

दिवस मावळला तेव्हा यंत्र चालू होते. शेवटच्या नमुन्यातले इंधन प्रयोगशाळेतून निर्दोष ठरून आले. मालकांनी सरांची पाठ थोपटली. "पास! मान्य करतो. आता उद्यापासनं त्या रशीदचं तेल घ्यायचं बंद. भेसळ करतोय त्यो."

चाचांनी टोपी काढून हातात घेतली.

सर त्या क्षणी गप्प राहिले असते तर त्यांचे सगळे काही शाबूत राहणार होते. मी त्यांच्याकडे पाहिले नाही. कुणीच पाहिले नाही.

"तेल चोख होतं, मालक," ते म्हणाले. "रिठा मी घातला."

"काय घातलं?"

"रिठ्याचं पाणी. खंडेनवमीला. टाकी धुवायला. दर वर्षी घालतो, पण दसरा होताच लगेच कारखाना इतक्या जोरानं कधी चालला नव्हता. खोट माझ्यात आहे."

मालक पुन्हा खुर्चीत बसले. मग त्यांनी खिशातून फोन काढला आणि पुण्याच्या कंपनीला लावला. सरांनी डोळे मिटले.

"हां, नमस्कार. तुमच्या त्या पेटीबद्दल इचारायचं हुतं. समजा, आमच्या हितल्या एका शाण्या माणसानं टाकीत रिठा घाटला, तर तुमची पेटी काय करंल? ... रिठा वो, रिठा. डोकं धुत्यात त्यो. ... व्हय, घालत्यात. आमच्यात घालत्यात. ... बंद पडंल? लगेच? ... मग ऱ्हाऊ द्या. आमच्याकडं तसली माणसं हायती."

फोन खिशात ठेवून ते सरांकडे वळले. "रचना तुमचीच. कायमची. पण खंडेनवमीला तुमाला आवारात बंदी. भरपगारी सुटी. गेटच्या आत पाय टाकायचा न्हाय." आणि चाचांना म्हणाले, "रशीदभाई, टोपी घाला. उद्या दोन पिंपं जास्त आणा."

पुढच्या वर्षी खंडेनवमीला सर गेटच्या बाहेर, वॉचमनच्या बाकड्यावर बसलेले आम्हाला सकाळपासून दिसत होते. इस्त्रीचा शर्ट, कपाळाला गंध, आणि आतून येणाऱ्या पाण्याच्या प्रत्येक आवाजासरशी वर होणारी मान. दुपारपर्यंत इरण्णाला ते पाहवेना. त्याने भंगारात निघालेला एक जुना व्हॉल्व्ह ढकलगाडीवर चढवला आणि गेटबाहेर नेऊन बाकड्यावर ठेवला. सरांनी त्याच्याकडे पाहिले, बाकड्याखालून फडक्याने झाकलेली घागर काढली आणि बाह्या दुमडल्या.

त्यांनी त्या गंजक्या व्हॉल्व्हला असे न्हाऊ घातले, की वॉचमन आपली खुर्ची घेऊन लांब जाऊन बसला. फेस बाकड्यावरून ओघळला, उन्हात त्याच्यावर जांभळे-हिरवे रंग धावले, आणि तो रस्त्याच्या उतारावरून संथपणे निघाला. नेमकी तेव्हाच मालकांची गाडी आली. फेसाच्या काठाशी येऊन थांबली. काच खाली झाली. मालकांनी फेस पाहिला, व्हॉल्व्ह पाहिला, कोपरापर्यंत भिजलेले सर पाहिले.

"इरण्णा, हे आतलं हाय का बाहेरचं?"

"बाहेरचंच हाय, मालक. कशालाच जोडल्यालं न्हाय."

मालक ड्रायव्हरला म्हणाले, "जरा थांब रे. धुऊन होऊ दे त्यांचं."

आणि त्यांनी गाडीचे इंजिन बंद करायला लावले.